‘अभ्यास वाढवा’ म्हणण्याआधी

हे आजच्या भागाचं लेखी रूप. लोकलमध्ये नेटवर्क गेलं म्हणून अर्धंच ऐकलेल्यांसाठी आणि ऐकून झाल्यावर एखादा मुद्दा परत बघायचा असेल त्यांच्यासाठी. बोलताना अडखळले तेवढं काढून टाकलंय, बाकी बोलले तसंच ठेवलंय.

तर सुरुवात करूया दोन शब्दांपासून. ‘अभ्यास वाढवा.’

मराठीत ऑनलाइन वाद घातला असेल, निदान लांबून बघितला असेल, तर हे उत्तर तुम्हाला नक्की भेटलंय. दिसायला किती सभ्य आहे बघा. आदरार्थी आहे, शिवी नाही, वर सल्ला आहे. पण समोरच्याला त्यातून काय कळतं? आपलं नेमकं कुठे चुकलं ते कळत नाही. काय वाचावं तेही कळत नाही. एवढंच कळतं की ‘तू खालचा, मी वरचा, आणि आपलं बोलणं संपलं.’

याची भावंडं पुष्कळ आहेत. ‘अंधभक्त’, ‘गुलाम’, ‘फुरोगामी’, ‘व्हॉट्सॲप युनिव्हर्सिटीचा टॉपर’, ‘आयटी सेलचे दोन रुपये मिळाले का?’ प्रत्येक बाजूकडे आपापला साठा आहे, कुणीच रिकाम्या हाताचं नाही. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: हे शब्द समोरच्याच्या वाक्याबद्दल नसतात, माणसाबद्दल असतात. म्हणजे हे उत्तर नसतंच, हा निवाडा असतो. साक्षीपुरावा काही नाही, थेट निकाल.

आजचा प्रश्न असा: ज्याला आपण कधी भेटलो नाही, बहुधा भेटणारही नाही, असा माणूस आपल्या विरुद्ध बोलला तर निवाड्याऐवजी करुणेनं उत्तर देता येतं का? आणि दिलं तर त्याचा काही उपयोग होतो का, की आपण नुसतेच भोळसट ठरतो?

‘करुणा’ हा शब्द ऐकून काही जणांनी मनात ‘झालं, आता प्रवचन’ म्हटलं असेल. थांबा जरा. मी दया म्हणत नाहीये. दया वरून खाली येते, ‘बिचाऱ्याला कळत नाही’ असा तिचा सूर असतो. करुणेत समोरच्याला खाली ढकलावं लागत नाही. आजच्यापुरता साधा अर्थ घेऊ: या माणसाच्या वाक्यामागे काहीतरी आहे, आणि ते काय आहे हे मला अजून माहीत नाही, एवढं मान्य करून बोलणं.

एका ओळीवरून अख्खा माणूस

१९६७ मधला एक प्रयोग सांगते. एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस हे दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. त्यांनी विद्यार्थ्यांना क्युबाच्या फिडेल कॅस्ट्रोवरचे निबंध वाचायला दिले. काही निबंध त्याच्या बाजूचे, काही विरोधातले. लिहिणाऱ्याला मनातून काय वाटत असेल, ते विद्यार्थ्यांनी सांगायचं. काही विद्यार्थ्यांना आधीच स्पष्ट सांगितलं होतं की लिहिणाऱ्यानं बाजू स्वतः निवडलेली नाही, त्याला ती नेमून दिली होती. शाळेतल्या वादविवाद स्पर्धेसारखं. म्हणजे निबंधावरून त्याच्या मताचा अंदाज बांधण्यात काही अर्थच नव्हता. तरीही विद्यार्थ्यांनी अंदाज बांधलाच: कॅस्ट्रोच्या बाजूनं लिहिलंय म्हणजे थोडाफार तरी त्याच्या बाजूचा असणार.

ली रॉस या मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये या सवयीला नाव दिलं. मराठीत त्याला ‘कारण लावण्यातली मूलभूत चूक’ म्हणता येईल. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो, त्याच्या परिस्थितीत शोधत नाही. स्वतःच्या बाबतीत मात्र उलटं. मी तिरकस रिप्लाय दिला तर माझा दिवस वाईट गेलेला असतो. त्यानं दिला तर तो माणूसच वाईट असतो.

समोरासमोर ही सवय थोडी आटोक्यात राहते, कारण परिस्थिती डोळ्यांना दिसते. रिक्षावाला खेकसला, पण त्याचा घाम दिसतो, दुपारचे तीन वाजलेत हे दिसतं. फोनवर काय दिसतं? एक नाव, अंगठ्याएवढा डीपी आणि एक ओळ. त्या एका ओळीवरून आपण माणसाचं शिक्षण, जात, पक्ष, घरातलं वळण, सगळं ठरवून मोकळे होतो.

त्या ओळीला आवाज आपला असतो

दुसरी गोष्ट आवाजाची. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञानं २००४ मध्ये एका लेखात मांडलं होतं की ऑनलाइन आल्यावर माणसं एरवीपेक्षा जास्त मोकाट का होतात. त्यातली काही कारणं आपल्याला अंदाजानं माहीत असतात: ओळख लपलेली असते, समोरचा चेहरा दिसत नाही, उत्तर लगेच ऐकावं लागत नाही. पण एक कारण मला फार पटलं. आपण दुसऱ्याचा मजकूर वाचतो तेव्हा तो आपल्या डोक्यातल्या आवाजात वाचतो. सूर आपण लावतो, चेहरा आपण काढतो. हळूहळू तो माणूस म्हणजे आपल्याच डोक्यातलं एक पात्र होऊन बसतो, आणि आपण भांडत असतो त्या पात्राशी.

मराठीतलं उदाहरण घ्या: ‘हो का?’

तुम्ही ऐकताय, तेव्हा मी हे दोन प्रकारे म्हणून दाखवलं. एक कुतूहलाचं: अरे वा, मला माहीत नव्हतं. दुसरं टोमण्याचं: मोठे आलेत शहाणे. वाचणाऱ्यांना इथे दोन्ही अक्षरशः सारखीच दिसतायत. ‘बरं’चंही तेच. ‘तुम्हाला जास्त माहीत’चंही तेच. वाद सुरू असला की आपला मेंदू यातला कुठला सूर लावतो, ते तुम्हाला ठाऊक आहे.

कांदा ऐंशीवर गेला की

आता हे आपल्या मातीत आणते. मी निफाड तालुक्यातली. घरी कांदा पिकतो, नोकरी पुण्यात. त्यामुळे ज्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कांदा महाग होतो, तेव्हा फोनवर दोन्ही बाजूंचं भांडण माझ्यासमोर एकाच वेळी चालू असतं.

शहरातून येतं: ‘शेतकऱ्यांनी साठेबाजी केलीये.’ ‘टॅक्स भरायचा नाही, कर्जमाफी मात्र दरवेळी हवी.’ गावाकडून उत्तर जातं: ‘चारशेचा पिझ्झा चालतो, कांदा ऐंशीचा चालत नाही?’ ‘परवडत नसेल तर खाऊ नका.’ मग अरे-तुरे सुरू होतं, मग आयाबहिणी निघतात.

‘साठेबाज’ हा शब्द आमच्याकडे एवढा का झोंबतो ते सांगते. उन्हाळी कांदा साधारण मार्च ते मे या काळात निघतो आणि टिकाऊ असतो, म्हणून चाळीत भरून ठेवता येतो. पण ठेवलेला कांदा गप्प बसत नाही. त्याचं वजन घटतं, काही सडतो, पावसाळी हवेत काहीला कोंब फुटतात. भाव मिळेल या आशेवर ठेवावा तर ही घट सोसायची, आणि ज्याला पेरणीला, दवाखान्याला, पोरांच्या फीला पैसे हवेत त्यानं पडेल भावात लगेच विकायचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जुना कांदा संपत आलेला असतो, नवा लाल कांदा पुरेसा आलेला नसतो, म्हणून भाव चढतो. त्या वेळी बऱ्याच जणांच्या चाळी रिकाम्या असतात. त्यात सरकारी निर्णय. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली, ती मे २०२४ मध्ये उठवली. शहरात भाव आटोक्यात राहावा म्हणून हे झालं आणि आमच्याकडच्या बाजार समित्यांत त्याचा फटका बसला. म्हणून ‘साठेबाज’ वाचलं की आमच्या पोरांचं डोकं फिरतं. त्या पोरांच्या वाक्यामागे हे सगळं असतं, पण लिहिताना ते फक्त ‘परवडत नसेल तर खाऊ नका’ एवढंच लिहितात.

आता दुसरी बाजू. एका वर्षी अशाच चर्चेत एका बाईंनी लिहिलं होतं: ‘शेतकरी माजलेत. लुटतात नुसतं.’ खाली वीसेक उत्तरं पडली होती, बहुतेक त्यांच्या डीपीवरून आणि आडनावावरून. मलाही राग आला होता, अण्णांचा चेहरा डोळ्यासमोर आला होता. मी एवढंच विचारलं: ‘ताई, घरच्या वापरापुरता त्रास होतोय की तुमचा काही व्यवसाय आहे?’

अर्ध्या तासानं उत्तर आलं. त्या विद्यार्थ्यांना डबे देतात, तीसेक डबे. ‘महिन्याचे पैसे पोरांकडून आधीच घेतलेत. आता कांदा ऐंशी झाला, म्हणून त्यांच्याकडे परत मागू का? ती पोरंही गावाकडचीच आहेत.’

मी लिहिलं: ‘हे खरंच अवघड आहे. मी कांदा उत्पादकाचीच मुलगी. आमची चाळ आज रिकामी आहे. जूनमध्ये विकला तेव्हा किलोला पंधरा रुपये पडले. तुम्ही देताय ते ऐंशी आम्हालाही मिळत नाहीयेत.’

त्यावर त्यांचा प्रश्न आला: ‘मग मधले पैसे जातात कुठे?’

बस, एवढंच. त्यांनी ‘माजलेत’ पुसलं नाही, माफी मागितली नाही, आमची मैत्रीही झाली नाही. पण तो प्रश्न बघा. पहिल्या वाक्यात शेतकरी आरोपी होता. शेवटच्या प्रश्नात आम्ही दोघी एकाच बाजूला उभ्या होतो आणि प्रश्न अडते, व्यापारी, वाहतूक, किरकोळ विक्री या साखळीबद्दल होता. वीस उत्तरांनी जे झालं नाही ते एका साध्या चौकशीनं झालं. कारण ‘माजलेत’ या शब्दामागे तीस डबे होते आणि ते कुणी विचारलंच नव्हतं.

पण समोरचा खरोखरच द्वेष करत असेल तर?

इथे तुम्ही म्हणाल, कांद्याचं ठीक आहे, तिथे दोन्ही बाजूंना खरा त्रास आहे. पण एखादा माणूस सरळ सरळ विष ओकत असेल तर? रास्त प्रश्न आहे. म्हणून आता एक गोष्ट सांगते ती आपल्याकडची नाही, अमेरिकेतली आहे, पण या विषयावर तिच्याइतकी नीट नोंदलेली गोष्ट मला दुसरी माहीत नाही.

कॅन्सस राज्यातल्या टोपेका शहरात वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्च नावाचं एक छोटं चर्च आहे. सदस्य बहुतेक एकाच कुटुंबातले. समलिंगी लोक, ज्यू, इतर पंथांचे ख्रिस्ती, सगळ्यांवर देवाचा कोप आहे असं सांगणारे फलक घेऊन ही मंडळी रस्त्यावर उभी राहायची. युद्धात मेलेल्या सैनिकांच्या अंत्यविधीबाहेरसुद्धा उभी राहायची. घरात मृतदेह आणि बाहेर ‘बरं झालं मेला’ अशा अर्थाचे फलक. एका सैनिकाच्या वडिलांनी त्यांच्यावर खटला भरला, तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०११ मध्ये चर्च जिंकलं. अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याखाली.

या चर्चच्या संस्थापकाची नात मेगन फेल्प्स-रोपर. पाच वर्षांची असल्यापासून फलक घेऊन उभी राहिलेली. २००९ मध्ये तिनं चर्चचा प्रचार करायला ट्विटर सुरू केलं. साहजिकच शिव्यांचा पाऊस पडला. पण तिला शिव्यांची सवय होती. उलट, जग आपला छळ करतंय म्हणजे आपणच खरे, अशी तिची शिकवण होती. प्रत्येक शिवीनं तिची श्रद्धा पक्की होत होती.

तिच्या शिकवणीत काय बसलं नाही, तर शिव्या न देणारे लोक. त्यातला एक डेव्हिड अबिटबोल, जेरुसलेममध्ये राहणारा, ज्यूंसाठी एक संकेतस्थळ चालवणारा. म्हणजे तिच्या फलकांचा थेट निशाणा. तो तिला उलटे टोमणे मारायचा, विनोद करायचा, पण प्रश्नही विचारायचा, तिच्या श्रद्धेबद्दल, बायबलमधल्या अमुक ओळीचा अर्थ तुम्ही असा का लावता याबद्दल. ती त्याच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला लागली, मग त्याला प्रश्न विचारायला लागली. एकदा ती निदर्शनाला उभी असताना तो भेटायला आला आणि येताना जेरुसलेमहून तिच्यासाठी गोड पदार्थ घेऊन आला. तिनंही त्याच्यासाठी ज्यूंना चालेल असं कोशर चॉकलेट आणलं होतं. आणि चॉकलेट देताना तिच्या हातात ज्यूंविरुद्धचा फलक होताच.

आता लक्ष द्या, अबिटबोलनं तिचं काहीही मान्य केलं नाही. त्यानं वाद घातला, आणि तोही नेमका घातला. समलिंगी लोकांना मृत्युदंड द्यावा असं चर्च म्हणायचं. त्याचा मुद्दा साधारण असा होता: पश्चात्ताप केला तर देव क्षमा करतो असं तुम्हीच सांगता ना? मग माणूस मारूनच टाकलात तर त्यानं पश्चात्ताप करायचा कधी? याला मेगनकडे उत्तर नव्हतं. चर्चमधल्या मोठ्यांकडेही पटेल असं नव्हतं. तिनं तो फलक धरणं बंद केलं. तिथून एकेक धागा उसवत गेला, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये ती आणि तिची बहीण ग्रेस यांनी चर्च सोडलं. चर्च सोडलं म्हणजे आईवडील, भावंडं, घर, सगळंच सोडलं. पुढे ज्या ज्यू महोत्सवाबाहेर तिनं निदर्शनं केली होती, त्याच महोत्सवात ती अबिटबोलच्या निमंत्रणावरून गेली.

२०१७ मध्ये तिनं टेडच्या मंचावर हे सगळं सांगितलं, २०१९ मध्ये ‘अनफॉलो’ नावाचं पुस्तक लिहिलं. परक्या लोकांनी तिच्याशी काय वेगळं केलं, ते तिनं चार गोष्टींत सांगितलंय. माझ्या शब्दांत: समोरच्याचा हेतू वाईटच आहे असं धरून चालले नाहीत, प्रश्न विचारले, शांत राहिले, आणि आपली बाजू खरोखर मांडली. चौथी गोष्ट विसरू नका. आपली बाजू इतकी उघड आहे की सांगायची गरजच नाही, असं आपल्याला वाटत असतं. ‘अभ्यास वाढवा’ हे उत्तर तिथूनच येतं.

आणि वेळ बघा. २००९ ते २०१२, म्हणजे तीन वर्षं. एका रिप्लायनं कुणी बदललेलं नाही.

एका गोष्टीवरून नियम होतो का?

होत नाही. म्हणून संशोधनाकडे जाऊ. आनंदाची बातमी आहे, पण छोटी आहे, हे आधीच सांगते.

२०२१ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी ट्विटरवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. वंशद्वेषी किंवा परदेशी लोकांबद्दल द्वेषाचं लिहिणारे १,३५० इंग्रजी वापरकर्ते निवडले. त्यांना तीन प्रकारची उत्तरं देऊन पाहिली. काहींना सांगितलं, तुमचं हे लिखाण तुमचे घरचे, ऑफिसमधले लोकही बघू शकतात. काहींना विनोदानं उत्तर दिलं. आणि काहींना फक्त एवढंच, की तुम्ही ज्या लोकांबद्दल लिहिताय त्यांना हे वाचून खूप लागतं. चार आठवडे लक्ष ठेवलं. धमकीवजा इशारा आणि विनोद यांचा भरवशाचा परिणाम दिसला नाही. तिसऱ्या प्रकारानं काहींनी जुने ट्वीट पुसले आणि द्वेषाचं नवं लिखाणही कमी झालं. परिणाम लहान होता, पण होता. इथे बारकावा असा: उत्तर देणाऱ्यानं चूक झाकली नाही. ‘हे लागतं’ असं सरळ सांगितलं. फक्त ‘तू नीच आहेस’ असं सांगितलं नाही.

दुसरं काम जोशुआ काल्ला आणि डेव्हिड ब्रुकमन या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञांचं, २०२० मधलं. हे ऑनलाइन नव्हतं, दारोदार आणि फोनवर होतं, पण माणसं अनोळखीच होती. विषय स्थलांतरित आणि ट्रान्सजेंडर व्यक्ती. एका गटाशी फक्त मुद्दे मांडून बोलले. त्याचा काही परिणाम दिसला नाही. दुसऱ्या गटाशी बोलताना मुद्द्यांबरोबर समोरच्याचं निवाडा न देता ऐकून घेतलं, त्याचा अनुभव विचारला, एखादा अनुभव सांगितला. तिथे मतं थोडी हलली आणि निदान चार महिने तशी राहिली. मुद्दे तेच, फरक होता तो ऐकण्याचा.

याचं कारण मला असं वाटतं: निवाडा आला की माणूस विषय सोडतो आणि स्वतःला वाचवायला लागतो. मग तुमचा मुद्दा कितीही बरोबर असला तरी तो ऐकायला घरात कुणी उरत नाही. सगळे दाराला कडी लावायला गेलेले असतात.

कुठे थांबायचं

आता महत्त्वाची बाजू, कारण हा भाग ऐकून उद्या कुणी एखाद्या मुलीला ‘तू जरा समजून घे ना त्याला’ असं सांगायला नको.

समजून घेणं म्हणजे मान्य करणं नव्हे. आणि समजून घ्यायची जबाबदारी सगळ्यांवर सारखी नाही. कुणी तुमच्या जातीवरून, धर्मावरून, तुम्ही बाई आहात यावरून तुमचं माणूसपणच नाकारत असेल, तर त्याला प्रेमानं समजावण्याची ड्युटी तुमची नाही. बघणाऱ्यांपैकी ज्याला ते कमी लागतंय, त्यानं पुढे यावं. झुरिकच्या प्रयोगातही उत्तरं तिसरीच मंडळी देत होती.

बलात्काराची, मारण्याची धमकी, फोटोंचा गैरवापर, पत्ता किंवा नंबर जाहीर करणं, पाठलाग: इथे वाद नसतोच, इथे गुन्हा असतो. स्क्रीनशॉट काढा, लिंक जपून ठेवा, ब्लॉक करा, घरातल्या किंवा विश्वासातल्या माणसाला सांगा, पोलिसांकडे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. त्याच्या वाक्यामागे काय आहे हे शोधायला पोलीस आहेत.

आणि जो फक्त खेळ म्हणून डिवचतोय, त्याच्याशी एक-दोन उत्तरांत कळतं. खरा प्रश्न विचारला तरी तो उत्तर देत नाही, नवी काडी टाकतो. तिथून निघायचं, निरोपाचं भाषण न करता.

मग उद्या करायचं काय?

मी स्वतः जे पाळते ते सांगते. यादी पाठ करू नका, यातलं एखादं जमलं तरी पुष्कळ.

पहिलं, ती ओळ मोठ्यानं वाचा. खरंच, आवाजात. आणि तुमच्या आवडत्या मावशीच्या किंवा मित्राच्या सुरात वाचा. कधीकधी टोमणा गळून पडतो आणि प्रश्न उरतो.

दुसरं, ‘तुम्ही’वर राहा. ही सोय मराठीत फुकट मिळालीये. दोन अनोळखी माणसांचा वाद कधी घसरला ते ‘तुम्ही’चं ‘तू’ कुठे झालं यावरून कळतं. समोरचा अरे-तुरेवर आला तरी आपण ‘तुम्ही’ सोडलं नाही, तर बऱ्याचदा तोही दोन रिप्लायनंतर परत येतो. मात्र ‘अहो साहेब’, ‘अहो ताईसाहेब’ नको. तो आदर नसतो, ते सगळ्यांना कळतं.

तिसरं, एक खरा प्रश्न विचारा. खरा म्हणजे ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत नाही असा. ‘असं का बोलता?’ यात जाब विचारल्यासारखं वाटतं. ‘तुम्हाला असा अनुभव कुठे आला?’ यात माणूस बोलता होतो. ‘पुरावा आहे का?’ जरूर विचारा, पण ‘हे कुठे वाचलंत, मलाही बघायचंय’ असं विचारलं तर लिंक यायची शक्यता वाढते.

चौथं, पटलेलं आधी सांगा आणि न पटलेलंही सांगा. ‘डब्याचं गणित अवघड आहे, हे मान्य. शेतकऱ्यानं साठवला म्हणून भाव वाढला, हे मला पटत नाही. कारण असं असं.’ कारण द्या, आकडा द्या. गोड बोलून मुद्दा गिळला तर ती करुणा नाही, ती टाळाटाळ आहे.

पाचवं, उठून जा. ऑनलाइन वादाचा एक मोठा फायदा आपण वापरतच नाही: उत्तर आत्ताच दिलं पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. मेगनशी बोलणारा एक अनोळखी माणूस वाद तापला की विषय बदलायचा, विनोद सांगायचा, नाहीतर नम्रपणे रजा घ्यायचा. आणि थोड्या दिवसांनी परत यायचा. पुढे त्याच्याशीच तिचं लग्न झालं, पण तुम्ही तेवढी अपेक्षा ठेवू नका. ‘मी उद्या निवांत लिहिते’ म्हणा, चहा टाका.

शेवटी एक गोष्ट. तुम्ही ज्याला उत्तर देता तो एकटा नसतो. खाली न बोलता वाचणारे असतात: त्याच्याच बाजूचे पण थोडे साशंक, तुमच्याच बाजूचे पण चिडलेले, आणि अजून काहीच न ठरवलेले. तुम्ही निवाडा दिलात तर ते बाजू निवडतात. तुम्ही विचारलंत, ऐकलंत आणि मग आपली गोष्ट ठामपणे सांगितलीत, तर मत बदलायला त्यांच्यासाठी एक दार उघडं राहतं, आणि त्यातून जाताना कुणाला मान खाली घालावी लागत नाही.

तर पुढच्या वेळी बोट ‘अ’वर जाईल, ‘अभ्यास वाढवा’ टाइप व्हायला लागेल, तेव्हा त्याच ‘अ’नं दुसरं वाक्य सुरू करून बघा: ‘असं वाटायला तुमच्याकडे काय घडलं?’ काय उत्तर आलं ते मला व्हॉइस नोटमध्ये कळवा. वाईट आलं तरी कळवा. आणि मी त्यावर ‘हो का?’ म्हटलं, तर ते कुतूहलाचंच आहे असं समजा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.